ड्रॅगनवर उडी मारू द्यायची की नाही? नियम, मजा आणि गेम मास्टरची पंचाईत

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. काही चुकत असेल तर पुढचं उत्तर त्या मानाने वाचा.

तुम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती चालवताय, २०१४ची पुस्तकं; गोष्ट सांगणारा आणि पंच, म्हणजे गेम मास्टर, तुम्ही. पाच खेळाडू आहेत आणि सहा सेशन, म्हणजे बैठका, झालीत. सहाव्यात एकाने छपरावरून थेट उडत्या ड्रॅगनच्या पाठीवर उडी मारायची ठरवली. ज्याला रूलबुक तोंडपाठ आहे तो लगेच म्हणाला, एवढ्या मोठ्या प्राण्याला पकडता येत नाही, नियमच आहे. चाळीस मिनिटं वाद चालला. शेवटी तुम्ही ‘चालेल, मजा येईल’ म्हणालात, रोल झाला, म्हणजे दोघांसाठी वीसबाजूंचा एकेक फासा टाकला, तुमच्या समोरच्या आडोशाच्या स्क्रीनमागे ड्रॅगनचा आकडा मोठा आला होता, तरी ‘ड्रॅगन हरला’ असं सांगितलंत. सेशन तिथेच संपलं. आता नियमवाला मित्र गप्प गप्प असतो, आणि ज्याच्यासाठी एवढं केलंत तो विचारल्यावर नुसतं ‘ठीक होतं’ म्हणतो. तुमचा प्रश्न असा की नियम पाळायचे की मजा जपायची.

मी चौदा वर्षं गेम चालवते आहे आणि या काळात या प्रश्नाचं माझं उत्तर दोनदा तरी बदललंय. सुरुवातीला मी पुस्तकाबाहेर पाऊल टाकत नसे. मग काही वर्षं ‘नियम गेले उडत, गोष्ट महत्त्वाची’ असा पवित्रा होता. आता मला वाटतं की प्रश्न असा विचारला की उत्तर चुकणारच, कारण त्यात नियम आणि मजा एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना बसवलेत. तुमच्या टेबलवर त्या रात्री जे बिघडलं ते वेगळंच आहे: उडी मारणाऱ्याला आपण नेमकी कशावर पैज लावतोय हे उडीआधी माहीत नव्हतं, आणि उडीनंतर तर ती पैज होती की नाही हेही कळलं नाही.

थोडं सावधपणे बोलायला हवं, कारण बरंच काही परिस्थितीवर आहे. एकाच बैठकीत संपणारा खेळ असेल तर मीही खूप सैल सोडते. आजच्या निर्णयाचा हिशोब उद्या मागायला कुणी येणार नसतं. लांबच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, मात्र आज दिलेली सूट तीन महिन्यांनी दारात उभी राहते, ‘तेव्हा त्याला चाललं, मग मला का नाही?’ असं विचारत. खेळाडू नवखे आहेत की मुरलेले, यावरही ठरतं. आणि तुम्ही कोणता गेम चालवताय यावर सगळ्यात जास्त. काही गेममध्ये सहाबाजूंचे दोन फासे टाकतात. १० किंवा जास्त आलं तर काम फत्ते, ७ ते ९ आलं तर काम होतं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा कमी आलं तर गेम मास्टरची पाळी. फाशाच्या आकड्यात मिळवायचा बोनस काहीच नसेल तर ती मधली ‘होतं, पण’ची शक्यता जवळपास ४२ टक्के असते. तिथे ड्रॅगनच्या आकाराचा वाद उद्भवलाच नसता. तुम्ही निवडलेला गेम लढाईच्या बाबतीत काटेकोर आहे, तेव्हा उत्तर त्या गेमपुरतं देते.

आता त्या वादाकडे येऊ, कारण तो फार बोलका आहे. तुमचा मित्र बरोबर होता. २०१४च्या नियमांत पकडायचं म्हणजे ग्रॅपल करायचं असेल, तर समोरचा तुमच्यापेक्षा फार तर एक आकार मोठा चालतो. माणूस मध्यम, प्रौढ ड्रॅगन त्याहून दोन आकार मोठा. म्हणजे नाही. पण हा नियम आहे कशासाठी? ग्रॅपल झालेल्याचा वेग शून्य होतो. आणि उडणाऱ्याचा वेग शून्य झाला, त्याला जागच्या जागी तरंगता येत नसेल, तर तो खाली पडतो. म्हणजे आकाराची अट नसती तर कुणीही दांडगट योद्धा हाताने ड्रॅगन आकाशातून ओढून पाडू शकला असता. ते थांबवण्यासाठी ही अट आहे. तुमच्या खेळाडूला मात्र ड्रॅगनला थांबवायचंच नव्हतं, त्याला त्याच्या अंगावर चढायचं होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी डन्जन मास्टर्स गाइड या गेम मास्टरच्या पुस्तकात ऐच्छिक नियम आहे: चढणाऱ्याचा अ‍ॅथलेटिक्स (ताकदीचं कसब) किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्सचा (चपळाईचं कसब) रोल, समोरच्याच्या अ‍ॅक्रोबॅटिक्सविरुद्ध. जमलं तर तो त्या प्राण्याबरोबर फिरतो आणि त्या प्राण्यावर त्याने केलेल्या हल्ल्यांना अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा.

आता गंमत पाहा. समजा तो प्रौढ लाल ड्रॅगन होता. त्याची चपळाई १०, म्हणजे बोनस शून्य. तुमच्या योद्ध्याचा अ‍ॅथलेटिक्सचा बोनस ५ धरू. हिशोब केला तर चढणारा ७० टक्के वेळा जिंकतो. ज्या नियमांना बाजूला सारून तुम्ही त्याला मजा देऊ पाहत होतात, तेच नियम त्याला दहापैकी सात वेळा ती उडी देत होते. उरलेल्या तीनपैकी एक त्या रात्री आली, एवढंच.

हा ऐच्छिक नियम ऐनवेळी तुम्हाला आठवायला हवा होता असं मी म्हणत नाही. मलाही कित्येक नियम आठवत नाहीत. पण ‘हा नियम कशाला आहे?’ एवढा प्रश्न विचारायला पुस्तक लागत नाही. अट कशाला आहे ते कळलं की तुमचा खेळाडू तिच्या कचाट्यात येतो का, हे दोन मिनिटांत ठरतं. आणि नियमवाल्या मित्रालाही ते पटतं, कारण तुम्ही त्याचा नियम झुगारत नाही, नीट वाचताय.

आता फासा फिरवण्याबद्दल, म्हणजे पडलेला आकडा लपवून वेगळाच निकाल सांगण्याबद्दल. यावर गेम मास्टरांमध्ये कायम दोन तट असतात आणि मी दोन्हीकडे राहून आलेय. अनेक वर्षं मी स्क्रीनमागे आकडे बदलले, आणि अगदी चांगल्या हेतूने. एकदा एक खेळाडू सगळ्यांचं न ऐकता एकटाच ओगरच्या गुहेत घुसला. ओगरच्या पहिल्याच फटक्याला वीस, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, आला. मी ‘हुकला’ म्हणाले. त्याचा जीव वाचला, सगळे हसले, मलाही बरं वाटलं. मग हे वरचेवर होऊ लागलं. काही महिन्यांनी एका लढाईत पुलाखालून ट्रोल वर आला. मी अगदी रंगवून सांगत होते आणि एक मैत्रीण फोनमधून मान वर न काढता म्हणाली, ‘आपल्याला कुठे मारणार आहे ती!’ कुणी पळालं नाही, कुणी लपलं नाही, कुणी आधी टेहळणी केली नाही. कशाला करतील? मी सगळ्यांना कच्चं लिंबू करून ठेवलं होतं. कच्च्या लिंबाला कुणी आउट करत नाही, पण म्हणूनच त्याच्या धावाही कुणी मोजत नाही.

तुमच्या उडी मारणाऱ्याचं ‘ठीक होतं’ मला तिथलंच वाटतं. चाळीस मिनिटांच्या वादानंतर, तुमच्या चेहऱ्याकडे बघून, त्याला बहुधा समजलं असावं. लोकांना कळतं. आपल्याला वाटतं स्क्रीन आहे, पण फासा पडल्यावर आपण अर्धा सेकंद थांबतो ना, तो अर्धा सेकंद स्क्रीनच्या वरून दिसतो.

तेव्हापासून माझा एकच दंडक आहे: बदल करायचा असेल तर फासा हातातून सुटण्याआधी, आणि सगळ्यांसमोर. फासा पडल्यावर काही नाही. एखादा निकाल मला पचणारच नसेल, तर मी तो रोल करायलाच लावत नाही. राजवाड्याचा दरवाजा उघडला नाही तर गोष्ट अडणार असेल, तर दरवाजा उघडतो. रोल फक्त किती आवाज झाला याचा. शत्रूने खेळाडूंना मारू नये असं वाटत असेल, तर शत्रूला आधीच दुसरं काहीतरी हवं असतं: कैदी, खंडणी, निरोप पोचवणारा कुणीतरी. म्हणजे हरल्यावरही पुढे गोष्ट असते आणि माझ्यावर खोटं बोलायची वेळ येत नाही.

पण ‘मजा मारली जाते’ ही तक्रार खोटी नाही. नियमांनी मजा मरते, मी स्वतः मारलीय. फक्त ती बहुतेक वेळा पुस्तकातल्या नियमाने मरत नाही, आपण मागितलेल्या जादा रोलने मरते. माझ्या टेबलवर एकीने सुंदर बेत आखला होता: धावत जाऊन कठड्यावर चढायचं, झुंबराची दोरी पकडायची, झोका घ्यायचा, सरदाराला लाथ घालायची आणि पलीकडे उतरायचं. मी मोठ्या इमानदारीने प्रत्येक पायरीला रोल मागितला. पाच रोल. प्रत्येकाला ती ६५ टक्के वेळा यशस्वी झाली असती, म्हणजे एकेक पाहिला तर सोपाच. पण पाचही लागोपाठ जमण्याची शक्यता १२ टक्क्यांहून कमी होते. ती तिसऱ्या पायरीला जमिनीवर आपटली आणि पुढची दोन सेशन फक्त ‘मी तलवार मारते’ एवढंच म्हणत राहिली. मी तिला शिकवलं होतं की कल्पना लढवली की शिक्षा होते. आज मी त्या अख्ख्या बेताला एकच रोल मागेन. बेत खरंच हुशारीचा असेल तर अ‍ॅडव्हान्टेज देईन: दोन फासे, मोठा धरायचा. ११ किंवा जास्त हवे असतील तर एका फाशाने निम्मी शक्यता असते, दोन टाकले की ७५ टक्के. कल्पकतेला बक्षीस द्यायची सोय नियमांतच आहे, नियम मोडून ती द्यावी लागत नाही.

नियमवाल्या मित्राबद्दल जरा जास्त लिहिते, कारण अशा खेळाडूंची टिंगल करायची पद्धत आहे आणि मला ती आवडत नाही. हा माणूस घरी बसून पुस्तक वाचतो. तुमच्या गेमसाठी तुमच्याइतकाच वेळ देणारा तुमच्या टेबलवर बहुधा तोच एक असेल. त्याने आपलं कॅरेक्टर नियमांच्या भरवशावर बांधलेलं असतं. उदाहरण घ्या: ‘रोग’ (rogue) म्हणजे चोरपावलांनी लढणाऱ्या कॅरेक्टरला दुसऱ्या लेव्हलला एक खुबी मिळते, शत्रूच्या तावडीतून अंग काढून घेणं, लपणं किंवा पळणं त्याला बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे आपल्या पाळीतल्या छोट्या जादा कृतीत, जमतं. बाकीच्यांना त्यासाठी आख्खी अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, खर्च करावी लागते. आता तुम्ही ‘लढाई जरा पळती राहू दे’ म्हणून कुणालाही शत्रूजवळून मोकळं निसटू दिलंत, तर चौघांना मजा दिली असं तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात पाचव्याच्या खिशातून काढून ती वाटलीत. तो कुरकुरला की आपण त्याला किचकट ठरवतो. म्हणून सूट देताना मी आधी बघते की जे फुकट देतेय, त्यासाठी या टेबलवर कुणी काही मोजलंय का.

अर्थात, चाळीस मिनिटं वाद हे त्याचंही चुकलं आणि तुमचंही. माझ्याकडे असं चालतं. शंका आली की एक मिनिट शोधायचं. पुस्तक उघडायचं काम नियम जाणणाऱ्याकडेच देते, आणि तो आनंदाने करतो. सापडलं तर वाचून दाखवायचं. नाही सापडलं तर मी निर्णय देते, वहीत लिहून ठेवते आणि खेळ पुढे जातो. सेशन संपल्यावर नीट शोधायचं. पुढच्या वेळी सुरुवातीलाच सांगायचं की मागे मी असं ठरवलं होतं, पुस्तक असं म्हणतं, यापुढे आपण असं करू. झालेलं मागे फिरवायचं नाही. शंका खरोखर पन्नास-पन्नास असेल तर निर्णय खेळाडूच्या बाजूने. अपवाद एकच, वर सांगितलेला पाचव्याच्या खिशाचा.

आणि रोलआधी दोन गोष्टी मोठ्याने बोलायच्या: किती लागेल, आणि नाही जमलं तर काय होईल. पुस्तकात सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २० असे आकडे सुचवलेत. काही जण ते गुप्त ठेवतात. मी ठेवत नाही. आकडा सांगितला की खेळाडू म्हणू शकतो, ‘थांब, मग मी दुसरं काहीतरी करतो.’ त्याच्या कॅरेक्टरला छपराच्या कडेवरून अंतर दिसतंय, वारा लागतोय, त्याला अंदाज असणारच. खेळाडूला मात्र फक्त माझं बोलणं ऐकू येतं. तो तुटवडा भरून काढणं माझं काम आहे. एखाद्याने आकडा ऐकून पाय मागे घेतला तर तो रडीचा डाव नाही. फासा पडल्यावर ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ म्हटलं तर तो रडीचा.

कुणी म्हणेल, गेम मास्टरचा निर्णय शेवटचा, मग एवढी वकिली कशाला? हा वादही या खेळांपेक्षा जुना आहे. १८२४मध्ये रायस्वित्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने फासे आणि तक्त्यांवर चालणारा युद्धाचा खेळ सैनिकी शिक्षणासाठी मांडला. पुढे पंचांना त्या तक्त्यांचा जाच होऊ लागला. १८७६मध्ये वेर्दी दु व्हेर्न्वा या दुसऱ्या अधिकाऱ्याने सुचवलं की तक्ते सोडा, अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालू द्या. ते शक्य होतं, कारण पंच स्वतः युद्ध पाहिलेला, सगळ्यांना मान्य असलेला माणूस असायचा. तुम्ही सहा सेशन जुने आहात. ही उणीव नाही, पण तो मान अजून जमायचाय. तो जमेपर्यंत नियमांच्या जरा जवळ राहा. मोकळेपणा नंतर घेता येतो. सुरुवातीला उधळला की परत आवरताना फार जड जातं.

नियम काढून टाकायचेच नाहीत असं मात्र नाही. मी बरेच काढते, आणि कॅम्पेन सुरू होण्याआधी काढते. सामानाच्या वजनाचा नियम घ्या: ताकदीच्या आकड्याच्या १५ पट पौंड उचलता येतात, तेवढंच. राजदरबारातल्या कारस्थानांचं कॅम्पेन असेल तर तो मी पहिल्याच दिवशी फेकून देते. कोण किती पौंड वागवतोय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पण जमिनीखालच्या भुयारांत अडकलेल्या टोळीची गोष्ट असेल, तर तोच नियम आणि ‘मशाल एक तास जळते’ हा नियम, या दोघांवर अख्खं कॅम्पेन उभं राहतं. शेवटच्या दोन मशाली उरल्यात, सोन्याची पेटी उचलायची की दोरखंड, यावर माझ्या टेबलवर जेवढी भांडणं झालीत तेवढी कुठल्या राक्षसावरून झाली नाहीत. एरवी कंटाळवाणा वाटणारा हिशोब तिथे खेळ होतो. त्यामुळे ‘हा नियम मजेदार आहे का’ असं एकटं विचारून काही कळत नाही. तुम्ही दर सेशनला तेच चार-पाच नियम ओलांडत असाल तर बहुधा गेमच चुकीचा निवडलाय. हलका गेम घ्या, त्यात कमीपणा नाही.

राहिला तुमचा माणूस, जो अजून ड्रॅगनच्या पाठीवर आहे. ती उडी मागे घेऊ नका. तो फासा फिरवल्याचं सांगायचं का? मी सांगितलं असतं, आणि एकदा सांगितलंय. दोन मिनिटं अवघड जातात, मग कुणीतरी चिडवतं आणि संपतं. ‘यापुढे माझे रोलही टेबलवर, सगळ्यांसमोर’ एवढं त्याला जोडा. नियमवाल्या मित्राला तो चढण्याचा नियम काढून वाचायला सांगा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, फक्त ते दुसऱ्या नियमाचं होतं, हेही सर्वांसमोर बोला.

मग खेळ तिथूनच सुरू करा. त्याच नियमात पुढचंही दिलंय: ड्रॅगन आपली एक अ‍ॅक्शन खर्चून त्याला झटकायचा प्रयत्न करू शकतो, ड्रॅगनचा अ‍ॅथलेटिक्स विरुद्ध त्याचा अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स. लाल ड्रॅगनचा बोनस ८, तुमच्या योद्ध्याचा ५ धरला तर ड्रॅगन साधारण ६२ टक्के वेळा जिंकतो. खाली पडला तर दर १० फुटांना एक सहाबाजूंचा फासा इतकी इजा होते. ड्रॅगन ६० फुटांवर असेल तर सहा फासे, सरासरी २१. हे सगळं त्याला सांगा, त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसता येईल तो आकडा, किती उरलेत ते त्यालाच मोठ्याने वाचू द्या, आणि विचारा: धरून राहतोस, वार करतोस की उडी मारतोस?